कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या

आमच्या कोल्हापूरकडचा जुन्या वळणाचा पेशंट डॉक्टरपुढे बसला की आधी काही बोलत नाही. सदऱ्याची बाही मागे सारतो, हात टेबलावर ठेवतो आणि आढ्याकडे बघत बसतो. मी नवी होते तेव्हा विचारायची, "काय होतंय, मामा?" त्यावर एका मामांनी मला ऐकवलं ते अजून कानात आहे. "आता त्ये बी आमीच सांगायचं व्हय? मग तुमी शिकला कशाला? हात बगा आन तुमीच सांगा की!"

मला राग आला होता. मी मुळातच तापट. मंगळवार पेठेत माझा दवाखाना होता तेव्हा 'बाईंचं औषध चांगलं, पण तोंड जरा वाईट' अशी माझी ख्याती होती. मामांनाही मी दोन शब्द सुनावले असतील. पण पुढे पुढे वाटायला लागलं, की म्हातारा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पेशंट तोंडानं सांगतो ते त्याला वाटतं ते असतं. हाताला तसं काही वाटत नाही, त्यामुळे तो काही लपवतही नाही.

शिकत असताना आमचे एक सर होते. पेशंटचा हात धरून आम्ही घड्याळाकडे बघत नाडी मोजायचो आणि आकडा झाला की हात सोडून द्यायचो. सर वैतागायचे. म्हणायचे, "अगं, तो हात तुझ्या हातात आहे तोवर बघून घे. एकदा सोडलास की पुन्हा धरायला कारण लागतं." मी ते वाक्य पदवीसारखं जपलं. नाडी बोटाखाली असतानाच माझं दुसरं काम सुरू व्हायचं. हात गार आणि ओला असेल तर माणूस बहुतेक मला घाबरलेला असायचा. हात गरम आणि ओला असेल तर मात्र मी त्याला बोटं पसरायला सांगून वर एक कागद ठेवायची. कागद थरथरला की गळ्यातल्या थायरॉईडकडे बघायचं. नखं पांढरी पडून मधे खोलगट झाली असतील, त्यावर पाण्याचा थेंब ठरत असेल, तर त्या बाईच्या अंगात रक्त नाही. मग तिची सासू 'कामचुकार हाय' म्हणो की आणखी काही. नेलपॉलिश लावून येणाऱ्या पोरींना मी आधी घरी पाठवायची, "पुसून या, मला नखं वाचायची आहेत" म्हणून. लग्नाच्या दिवसांत मेंदीपुढे मात्र माझा नाइलाज व्हायचा.

एकदा इचलकरंजीहून मागावर काम करणारा एक कामगार आला. पोटात जळजळतं म्हणून आला होता. हात धरला तर बोटांची टोकं फुगलेली, नखं गोल वळलेली. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून धरली, की निरोगी माणसाच्या नखांमधे एक बारीक फट दिसते. ह्याची फट बुजलेली. तो हसून म्हणाला, "त्ये तुटल्यालं सूत जोडून जोडून झालंया बाई, आमच्या शेडात समद्यांची बोटं अशीच." समद्यांची तशी नसतात. छातीचा फोटो काढला तर फुप्फुसात गाठ, आणि तीही पार पुढे गेलेली. पोटाची जळजळ मी घालवली, बाकी काही करू शकले नाही. त्याची ती फट अजून माझ्या मनातून जात नाही.

पण मला सांगायचं आहे ते सुनंदाविषयी.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. कागलच्या पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातून ही मंडळी आली. घर लिंगायत, गावात खताचं दुकान, बऱ्यापैकी जमीन. घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. सून सुनंदा सत्तावीस-अठ्ठावीसची. सोबत सासू गौरक्का. ठसठशीत कुंकू, कडक आवाज, आणि बसायला सांगायच्या आधीच खुर्चीत बसलेली. मुलगा बसवराज बाहेर जीपला टेकून उभा होता.

"हिचं डोस्कं दुकतंया," गौरक्का म्हणाली. "आन हाताला मुंग्या येत्यात. भाकरी थापता थापता हात बधिर हुतोय म्हणं. तेवढं बगा. बाकी तब्येत झ्याक हाय. आमच्या घरात आल्यापास्नं अंग धरलंया पोरीनं."

मी सुनंदाचा हात हातात घेतला. रुंद, मऊ, जाड, घामेजलेला हात. मळून ठेवलेल्या कणकेत बोट जावं तसं वाटलं. मनगट तपासायचं म्हणून मी म्हणाले, "बांगड्या काढा जरा."

"काय बोलता बाई!" गौरक्का ताडकन उठलीच. "सवाष्णीचा हात मोकळा करायचा? माझा पोरगा बाहीर हुबा हाय! वर सारून बगा काय बगायचं त्ये."

आमच्या भागात ही गोष्ट मला नवी नव्हती. एरवी मी म्हणायची, बरं, एक राहू द्या, बाकीच्या काढा. पण एकही बांगडी पंजावरून उतरणार नाही हे दिसतच होतं. म्हणून मी सगळा चुडा वर सारला. तो सरकत सरकत थेट कोपरापाशी जाऊन थांबला. मी पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. गौरक्का माझ्याकडे संशयानं बघायला लागली.

"माप काय आहे हिच्या बांगडीचं?" मी विचारलं.

गौरक्काचा चेहरा खुलला. "लग्नात दोन-चारचं व्हतं. काडी व्हती नुसती! आता दोन-आठ बी साबण लावून भरावं लागतंया. कासारीण दरसाली म्हणती, गौरक्का, सुनंला खायला काय घालतीस गं? हिच्या म्हायेरच्यास्नी मी दावतो की हात, बगा म्हणतो, आमच्या घरचं अन्न कसं लागलंया." आमच्याकडे बायकासुद्धा 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात, आणि गौरक्काच्या तोंडी ते शोभायचंही.

आता अन्न अंगी लागलं तर माणूस सगळीकडून भरतो. दंड भरतो, मनगट भरतं. हिचा दंड काटकीसारखा, बांगड्या कोपरापर्यंत मोकळ्या फिरतात, आणि पंजावरून मात्र उतरत नाहीत. म्हणजे मनगट होतं तेवढंच राहिलं आणि पंजा तेवढा वाढला. अठ्ठाविसाव्या वर्षी पंजा वाढत नसतो. मी मान वर करून तिचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. नाक जाड, ओठ जाड, हनुवटी पुढे आलेली. मी मनात म्हटलं, अरे देवा.

"चप्पल?" मी विचारलं.

"पुरुषाची घालतो," सुनंदा पहिल्यांदाच बोलली. आवाज घोगरा. "बायकांची मिळत न्हाई मापाची."

पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्यासाठी नवस, उपास, निपाणीचा वैद्य, सगळं झालं होतं. डोकेदुखी आणि पाळी आणि पंजा ह्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि यायचं तरी कसं?

मुंग्यांसाठी मी तिचं मनगट उताणं धरलं. तळहात सुरू होतो तिथे आत एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. बोगद्यात सूज आली की नस चेपते आणि करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या येतात. तिथे बोटानं टिचक्या मारल्या की आजार असलेला माणूस दचकतो. मी दोन टिचक्या मारल्या आणि सुनंदानं हात ओढून घेतला.

"असंच!" ती म्हणाली. "असंच हुतं पूजेला." आणि रडायलाच लागली.

गौरक्कानं दाराकडे बघितलं. मग तीच खालच्या आवाजात म्हणाली, "आता आलोया तर सांगतो. श्रावणात हिच्या हातातनं लिंग पडलं."

लिंगायत घरात गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करतात. हात छातीसमोर धरून, त्यावर नजर लावून बसायचं. ते लिंग हातातून जमिनीवर पडणं ह्यापेक्षा मोठा अपशकुन त्या घरात नाही. सुनंदाच्या हातून ते पडलं, आणि तेही एकदा नाही. तेव्हापासून घरात बोलणं सुरू झालं की देवानंच हिला नाकारलं, हिच्या पोटी वंश नाही. बसवराजच्या मामानं दुसरी मुलगी बघून ठेवली होती. दिवाळीनंतर निर्णय घ्यायचा होता.

"आन पंगतीत काय केलं त्ये बी सांग की बाईस्नी," गौरक्का सुनेला म्हणाली.

सुनंदानं पदरानं नाक पुसलं. "वाढताना कडंचं माणूस चुकतं माज्याकडनं. म्हायती असतंय तिथं माणूस बसलंया, पन मला दिसतच न्हाई. पावणं उठून गेलं एकदा."

मी माझी खुर्ची तिच्यासमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लावून बसले. तिला माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि माझे दोन्ही हात दोन्ही बाजूंना लांब नेऊन बोटं हलवली. "दिसलं की सांग." मी हात आत आणत गेले. निम्म्यापेक्षा जास्त आत आले तरी ती गप्प. गौरक्काला मागे बसून माझी बोटं दिसत होती. ती न राहवून म्हणाली, "अगं, हलत्यात की!"

"न्हाई दिसत, अत्ती," सुनंदा म्हणाली. त्यांच्यात सासूला अत्ती म्हणतात.

मी स्कॅन लिहून दिला आणि लग्नातला फोटो घेऊन यायला सांगितलं. गौरक्का उठता उठता थांबली. तिच्या मनात एक वेगळंच शल्य होतं. "म्हंजे बाई," ती म्हणाली, "आमचं अन्न लागलं न्हाई व्हय तिला?"

इतक्या वर्षांत मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले, पण ह्या प्रश्नानं मी गडबडले. मी तिचा हात धरून सुनेच्या दंडावर ठेवला. "अक्का, तुम्हीच बघा." गौरक्कानं दंड चाचपला, मग पंजा चाचपला, मग परत दंड.  सुनेचा पदर सारखा करून तिला घेऊन गेली.

चार दिवसांनी ती मंडळी स्कॅन आणि फोटो घेऊन आली. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, स्कॅनमधे तिच्यावर गाठ निघाली. ही गाठ कॅन्सरची नसते. पण ती वाढीचा रस अंगात ओतत राहते आणि वर डोळ्यांच्या नसांना रेटत राहते. मी टेबलावर लग्नाचा फोटो ठेवला. मुंडावळ्यांखाली निमुळत्या चेहऱ्याची, बारीक हनुवटीची एक पोरगी. बसवराजही त्या दिवशी आत आला होता. तिघांनी आधी फोटोकडे बघितलं, मग सुनंदाकडे. रोज समोर असलेलं माणूस आपल्याला दिसत नाही. फोटो घरात भिंतीवरच होता म्हणे.

"ऑपरेशन पुण्याला होईल," मी म्हणाले. "डोकं उघडत नाहीत, नाकातून करतात."

"नाकातनं मेंदूत? नाक हाय का दार हाय त्ये?" गौरक्का किंचाळलीच. मग मला म्हणाली, "एवढं एकच सांगा. हे केल्यावर पोर व्हईल का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"हो म्हणा की नुसतं! घरात सांगाया पायजे काय तरी."

"खोटं सांगणार नाही, अक्का. मूल होईल की नाही, ठाऊक नाही. गाठ काढली नाही तर हिचे डोळे जातील, हे ठाऊक आहे. आणि लिंग पडलं ते मनगटातल्या नसेमुळं. हाताला कळतच नव्हतं काय धरलंय ते. त्यात हिचं पाप काही नाही."

गौरक्का उठली, फोटो पिशवीत घातला आणि निघून गेली. मागोमाग दोघं. मला वाटलं, संपलं. 'हो' म्हणाले असते तर उद्याच पुण्याची गाडी धरली असती त्यांनी. त्या दिवशी उरलेल्या पेशंटवर मी विनाकारण खेकसले. माझा आवाज बाहेर रांगेपर्यंत जात होता.

तीन आठवड्यांनी बसवराज एकटा आला. पुण्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी हवी होती. मी विचारलं, मामांचं काय झालं? तो हसायला लागला. म्हणाला, "मामा आलता घरी. लिंग पडल्यालं काढलं त्यानं परत. आईनं त्याचा हात धरला, मनगट उलटं केलं आन टिचक्याच माराय लागली तुमच्यावानी. 'हितं नस दबतीया तिची. बाईनी दावलंय मला. पाप न्हवं, नस हाय!' मामा म्हणतोय हात सोड, आई सोडंना." मग हसू आवरून त्यानं पुढचं सांगितलं. "आई म्हणली, आंधळी करून सून टाकली तर लिंग हातात घ्यायचं तोंड मलाच ऱ्हाणार न्हाई."

ऑपरेशन झालं, चांगलं झालं.

मूल झालं का, हे तुम्ही विचारणारच, तेव्हा सांगून टाकते. नाही झालं. पाळी परत सुरू झाली, दोन-तीन वर्षं वाट बघितली, मग त्यांनीच विषय सोडला. घरात दुसरी सून आली ती धाकट्या दिराची, बसवराजची नव्हे. तिची मुलं सुनंदाच्याच मागं असायची.

हल्ली माझा दवाखाना बंद आहे. शिकाऊ डॉक्टर भेटायला येतात, हुशार असतात, माझ्यापेक्षा शंभर गोष्टी जास्त जाणतात. पण पेशंट खुर्चीत टेकायच्या आत तपासण्यांचा कागद फाडून हातात देतात. मी चिडते. अरे, हात धरा की आधी! फुकट आहे! ते हसतात. मीही हसते आणि त्यांना पुन्हा सुनंदाच्या बांगड्या सांगते. शेवटचा भाग मात्र त्यांना सांगत नाही. तो वैद्यकाचा नाही.

ऑपरेशननंतर सहा-सात महिन्यांनी सासू-सून तपासणीला आल्या. मी आधी बोटं हलवून नजर बघितली. कडेपर्यंत दिसत होतं. चेहरा उतरला होता, म्हणजे चांगल्या अर्थानं. हाडं वाढली ती वाढलीच, हनुवटी फोटोतली परत येणार नव्हती. पण मांसातली सूज ओसरली होती. मी मनगटाकडे हात नेला आणि आपल्या सवयीनं बांगड्या वर सारायला लागले.

"थांबा," गौरक्का म्हणाली. तिनं सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला, पंजा चिमटला आणि एक एक बांगडी उतरवायला लागली. एकही न फुटता सगळ्या आल्या. टेबलावर हिरवा ढीग झाला. शेवटची राहिली तेव्हा मीच म्हणाले, "राहू द्या अक्का, एक असू दे हातात."

"नगं. काढूनच बगा," ती म्हणाली. "नीट बगा."

तिनं शेवटची काढली. तो मोकळा हात मी हातात घेतला. कोरडा होता, बराच हलका वाटला. उताणा करून टिचक्या मारल्या. सुनंदा शांत. पुन्हा मारल्या. तिनं मान हलवली, नाही म्हणून. अंगठ्यात जोर आला होता.

गौरक्कानं पिशवीतून कागदाचा पुडा काढला. लहान मापाच्या नव्या बांगड्या होत्या. ती तिथेच, माझ्या टेबलाशी बसून, सुनेचा हात भरायला लागली. बाहेर पेशंट खोळंबले होते आणि मी चक्क काही बोलले नाही. हात भरून झाल्यावर तिनं विचारलं, "बाई, आता पडायचं न्हाई न्हवं लिंग?"

"नाही पडणार."

"न्हाई, इचारतो एवढ्यासाठी, की तुमी नस म्हणला त्या दिसापास्नं रोज सकाळी पूजेला मी तिच्या हाताखाली माझा हात धरतोय. पडलंच तर माझ्या हातात पडंल म्हणून. मग आता काढू का माझा हात?"

"काढा," मी म्हणणार होते. डॉक्टर म्हणून तेच खरं होतं.

सुनंदा खाली बघत नव्या बांगड्या सारख्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, अत्ती."